तुपाच्या कढईतले शेंगदाणे

माझ्या भावाची मुलगी नोकरीसाठी आमच्याकडे मोशीला राहायला आली, त्या दिवसापासून मला माझ्याच स्वयंपाकघराची भीती वाटायला लागली. त्याआधी मी बिनघोर स्वयंपाक करत होते.

तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पचत नाही असं नव्हे. दुधाचा, दह्याचा, तुपाचा अंश पोटात गेला की तिच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात आणि घसा आवळत जातो. मी एकदा हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ती सहा वर्षांची असताना लातूरकडे आमच्या माहेरी एका लग्नात कुणीतरी तिच्या तोंडात पेढ्याचा तुकडा घातला. भावाने मोटरसायकल काढली, मी तिला मांडीवर घेऊन मागे बसले. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये तोही नीट वाजेना. डॉक्टर म्हणाले होते, मोठी झाली की जाईल. पुष्कळांचं जातं म्हणे. तिचं गेलं नाही.

आता ती तेवीस वर्षांची झाली होती. तळवड्याला आयटी पार्कमध्ये तिला नोकरी लागली, तेव्हा भावाचा फोन आला. "होस्टेलच्या मेसवर माझा भरवसा नाही. तुझ्याकडं ठेवतो." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला घाम फुटला होता.

मी व्यवस्थित बाई आहे. घाबरले तरी कामाला लागते. तिच्यासाठी वेगळी कढई, वेगळा तवा, दोन पातेली, चमचे, मिक्सरचं नवं भांडं आणलं. प्रत्येकाच्या दांड्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. भांडी घासायची घासणीही वेगळी. दूध तापवायचं ते ती ऑफिसला गेल्यावर. दही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. बिस्किटाचा प्रत्येक पुडा उलटा करून मागचं बारीक छापलेलं वाचायचं. माझे मिस्टर चाकणजवळच्या एका गावचे, शेतकरी घरातले. चाकणच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. ते म्हणाले, "तूप बंद करतीस का आता?" मी विचार करत होते, पण मुलगीच म्हणाली, "मामा, तुमी खावा की. मला वाढू नका म्हंजे झालं."

म्हणून तूप चालू राहिलं.

ती जेवायला बसली की मी तिच्या ओठांकडे बघायची. पहिले दोन आठवडे तर ती पहिला घास गिळेपर्यंत मी स्वतः जेवतच नव्हते.

"आत्या, एवढं कशाला बघायलीस माझ्याकडं? जेवू दे की."

"बघत नाही. वाढायला थांबलेय."

"वाढायला थांबलेलं माणूस भाजीकडं बघतंय. तू माझं तोंड बघायलीस."

हळूहळू दोन महिने गेले. काही झालं नाही. भीती गेली नव्हती, पण तिची जागा ठरली होती. दूध, दही, लोणी, तूप, पेढे, बिस्किटं, बेकरीचा पाव. या सगळ्यांवर माझा पहारा होता.

बुधवारी संध्याकाळी ती ऑफिसातून आली आणि दारातूनच म्हणाली, "आत्या, उद्या टीममधी सगळ्यांनी काहीतरी करून न्यायचंय. मी पीनट सॉस नेणार. व्हीगन."

"म्हणजे काय?"

"म्हंजे दूध, दही, तूप, मध, काईच नाई."

"मग दाण्याची चटणी म्हण की."

"चटणी म्हणलं तर बाजूला ठेवतेत. सॉस म्हणलं की गाजरं बुडवू बुडवू खातेत."

मी विचारलं, तुझ्या ऑफिसात तुझ्या त्रासाचं माहीत आहे ना? ती म्हणाली, माहीत आहे, पण ती आजकाल सगळीकडे 'मी व्हीगन आहे' असंच सांगते. दुधाचा त्रास होतो म्हटलं की लोक म्हणतात, थोडंसं तर घातलंय, एवढ्याशाने काय होतंय. व्हीगन म्हटलं की हसतात, फॅशन म्हणतात, पण घालत नाहीत.

आम्ही नमुना म्हणून थोडासा करून पाहिला. तिच्या डब्यातले शेंगदाणे तिच्या कढईत मंद गॅसवर भाजले, सुपात चोळून सालं पाखडली. मिक्सरमध्ये आधी कूट झाला, मग त्याचा गोळा झाला. मी थांबणार होते. ती म्हणाली, "अजून फिरव." दोन मिनिटं फिरवायचं, भांडं तापलं की थांबायचं, कडेचं चमच्याने खाली ढकलायचं, परत फिरवायचं. चौथ्यांदा तेल सुटलं आणि गोळा एकदम सैल झाला, चमच्यावरून ओघळायला लागला. त्यात लसूण, आलं, लाल तिखट, चिंचेचा कोळ, गूळ आणि तिने आणलेला सोया सॉस घातला. कोमट पाणी घातल्यावर ते आधी दगडासारखं घट्ट झालं. मला वाटलं, बिघडलं. "घाबरू नको, अजून पाणी घाल," ती म्हणाली. आणखी पाणी घातल्यावर त्याचा गुळगुळीत, बदामी रंगाचा सॉस झाला. वरून लिंबू पिळलं. मला चव आवडली. मिस्टरांनी भाकरीला लावून खाल्ला आणि म्हणाले, "चटणीच हाय ही. पातळ झालीय." वाटीभर सॉस तिथेच संपला.

सकाळी बारा जणांना पुरेल एवढा करायचा होता. ती अंघोळीला गेली होती. तिची बस सव्वासातची. मी तिचा शेंगदाण्यांचा डबा उघडला तर तळाशी दोन मुठी राहिलेले. भाजायला, सालं काढायला वेळ नव्हता. बाजूलाच माझा डबा होता. त्यात मंगळवारी भाजून, सोलून ठेवलेले शेंगदाणे गच्च भरलेले होते. मी निम्मा डबा तसाच मिक्सरच्या भांड्यात ओतला. लाल ठिपक्याचं भांडं होतं, ते मी दोनदा बघून घेतलं.

त्या वेळी माझ्या मनात काही आलंच नाही. शेंगदाणे म्हणजे शेंगदाणे. त्यांच्यावर माझा पहारा नव्हता.

ती सॉसचा डबा आणि गाजर-काकडीचे तुकडे घेऊन गेली.

मिस्टरांची दुसरी शिफ्ट होती आणि गुरुवारचा उपास. साडेअकराला मी साबुदाण्याची खिचडी करायला घेतली. कुटासाठी माझ्या डब्यात हात घातला. सकाळी थंडी होती, आता खिडकीतून ऊन थेट ओट्यावर येत होतं. उरलेले शेंगदाणे चकाकत होते. बोटं तेलकट झाली. मी बोटं नाकाशी नेली.

तुपाचा वास आला. नुसत्या तुपाचा नाही, बेरीचा. लोणी कढवल्यावर तळाला खरपूस तपकिरी राहते ती बेरी.

मंगळवारी मी आठवड्याच्या सायीचं लोणी कढवलं होतं. तूप गाळून घेतलं की आमच्याकडे ती कढई तशीच घासायला टाकत नाहीत. सासूबाईंची सक्त शिस्त होती: तुपाच्या कढईत काहीतरी भाजून काढायचं, रवा, कणीक, नाहीतर शेंगदाणे. कढई पुसून निघते आणि तूप वाया जात नाही. इतकी वर्षं मी ते करत आले आहे. करताना डोकं लागतच नाही, हात आपोआप करतात. मंगळवारी हातांनी शेंगदाणे घेतले होते.

म्हणजे बेरीत भाजलेले शेंगदाणे मी तेल सुटेपर्यंत वाटले होते आणि त्याला दुधाशिवायचा सॉस म्हणून डब्यात भरून तिच्या हातात दिला होता.

मी गॅस बंद केला. फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. परत तेच. मेसेज टाकला, 'सॉस खाऊ नको, तूप लागलंय.' दोन टिकमार्क आले, निळे होईनात.

मिस्टर बाहेरच्या खोलीत होते. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण त्यांनी लगेच गाडीची किल्ली घेतली. "बस मागं. तू फोन लावत राहा. जेवायची सुट्टी कितीला?"

"एकला."

"मग हाय येळ. पोचतो आपण."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. चिखलीच्या रस्त्याला कंटेनर अडकलेला. तो वळायला जागा मागत होता आणि कुणी देत नव्हतं. मिस्टरांनी गाडी फुटपाथवरून काढली, एका टपरीच्या बाकड्याला आरसा घासला. मागून कुणीतरी शिवी दिली. मी फोन कानाला लावून बसले होते. आत रिंग वाजत होती. मला ती सहा वर्षांची असतानाचा श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. मी मिस्टरांच्या पाठीला म्हटलं, "आपण पोचलो नाही तर भावाला काय सांगू?"

"गप बस. काय बी बोलू नगं."

थोड्या वेळाने मीच परत म्हटलं, "मीच दिलं तिला."

त्यांनी गाडी जोरात काढली.

आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला. "मावशी, कुणाला भेटायचंय? ओळखपत्र दाखवा. वरून फोन आला की पास मिळेल."

"माझी भाची आत आहे. तिच्या डब्यात चुकून तूप गेलंय. तिला निरोप द्या, तो डबा खाऊ नको म्हणून."

तो हसला. वाईट हसला नाही, आपलं माणूस हसतं तसं. "तूप गेलं तर काय झालं मावशी? चांगलंच झालं की. आमची आई वरनं घालती."

माझ्याकडे समजावून सांगायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "विष गेलंय तिच्या डब्यात. विष. आता लावा फोन."

त्याचा चेहरा बदलला. त्याने इंटरकॉम उचलला. मी तिचं नाव, मजला, कंपनी सांगितली. तिकडून कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. तो ऐकत राहिला आणि त्याने माझ्याकडे बघणं बंद केलं. तेव्हा मला कळलं.

"काय म्हणतायत?"

"मॅडम वॉशरूमला गेल्यात म्हणे. मगाशीच गेल्यात. पोटात दुखतंय म्हणत होत्या."

"दार उघडून बघायला सांगा. ठोकायचं नाही, उघडायचं."

मी काय बोलले ते त्याने तसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं, मोठ्या आवाजात. मग त्याने मला पास न देताच आत सोडलं. मी लिफ्टपर्यंत पोचायच्या आधीच लिफ्टचं दार उघडलं. तिच्या टीममधली एक मुलगी तिला कमरेला धरून आणत होती. तिचा चेहरा मला एकदम ओळखू आला नाही. डोळे बारीक झाले होते, खालचा ओठ जाड होऊन खाली आला होता, मानेवर लाल पट्टे. तिने पर्समध्ये ठेवलेली ॲलर्जीची गोळी घेतली होती. तिला मी दिसले.

"आत्या, तू कशी काय आलीस?" आवाज घोगरा, आतून ओढून आणल्यासारखा.

"बोलू नको."

गेटवर कंपनीची कॅब उभी होती, तिच्यात बसवलं. ती टीममधली मुलगी पुढे बसली आणि ड्रायव्हरला दवाखाना सांगायला लागली. मिस्टर गाडीवर मागून आले. कॅबमध्ये मी तिला सरळ बसवून धरलं. तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकायचा प्रयत्न केला, मी टाकू दिलं नाही. घसा सरळ राहायला हवा असं मला वाटत होतं. खरं खोटं माहीत नाही. मी तिचे श्वास ऐकत होते. एक ऐकला की पुढचा येईपर्यंत माझा थांबत होता. त्या रस्त्यावर किती सिग्नल होते, किती ट्रक होते, मला काही सांगता येणार नाही.

इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं आणि आधी मांडीत इंजेक्शन दिलं, प्रश्न नंतर विचारले. ऑक्सिजनचा मास्क लावला, हाताला सलाइन लावलं. मग मास्क थोडा उचलून म्हणाल्या, "काय खाल्लं होतं?"

"काई नाई," ती म्हणाली. "घरचंच. साडेअकराला चहाच्या सुट्टीत एकीला सॉस चाखायला दिला. मीबी दोन चमचे खाल्ला. मग तोंडात खाजायला लागलं. टेबलावर बिस्किटं होती, त्याचा कुणाचा हात लागला असंल असं वाटलं." ती दम घ्यायला थांबली. "म्हणून तोंड साफ व्हावं म्हणून परत थोडा सॉस खाल्ला. तेवढंच खात्रीचं होतं."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मी पलंगाच्या पायाशी उभी होते.

"सॉसच होता तो," मी म्हटलं. "शेंगदाणे तुपाच्या कढईत भाजलेले होते. मी घातले. तिला माहीत नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे वर बघितलं, मग लिहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भाचीने डोळे मिटून घेतले. मास्कमध्ये वाफ येत होती, जात होती. मी तेवढंच बघत राहिले.

अर्ध्या तासाने ओठ उतरायला लागला. शिट्टीसारखा आवाज कमी झाला. बाई म्हणाल्या, हे परत उलटू शकतं, संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, घरी गेल्यावरही लक्ष ठेवा. परत उलटू शकतं, हे शब्द मी संध्याकाळपर्यंत धरून बसले. तिने कूस बदलली तरी उठून जवळ जात होते.

मधे मी बाहेर जाऊन भावाला फोन केला. तिने नको म्हटलं होतं. "बाबा मला घेऊन जातील आत्या, नोकरी सोडायला लावतील." तरी केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू तर म्हणली होतीस, भांडी येगळी हायत."

"आहेत."

"मग?"

"शेंगदाणे तिच्या डब्यातले नव्हते."

"आता श्वास नीट हाय?"

"आहे."

"उद्या येतो," तो म्हणाला.

सात वाजता आम्ही घरी आलो. मिस्टरांनी शिफ्ट चुकवली होती. त्यांनी खाली रिक्षावाल्याला पैसे दिले आणि वर येताना म्हणाले, "काय तरी खायला कर पोरीला. सकाळपासून पोट रिकामं." ओट्यावर भिजलेला साबुदाणा तसाच पडला होता, दाण्याचा डबा उघडाच. मी आधी तो डबा उचलून कचऱ्यात रिकामा केला. मग हात धुतले, परत धुतले, आणि तिच्या पातेल्यात तांदूळ धुऊन घेतले. मऊ भात लावायचा, एवढंच. त्यात काय चुकणार होतं?

ती मागे येऊन उभी राहिली. चेहऱ्यावरची सूज अजून पुरती उतरली नव्हती.

"आत्या, भात मी लावू का?"

तिने नीट विचारलं होतं. टोचून बोलायचा तिचा स्वभाव नाही. तिचा हात ओट्याच्या कडेला होता. पण ती माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघत होती. गेले दोन महिने मी तिच्या तोंडाकडे बघत होते तसं.

"लाव," मी म्हटलं आणि पातेलं खाली ठेवलं.

तिने ते तांदूळ चाळणीत काढले, पातेलं पुन्हा घासलं, तांदूळ पुन्हा धुतले. गॅस पेटवायच्या आधी बर्नरची जाळी काढून तिच्याखाली बघितलं. मी फ्रीजला टेकून उभी राहिले. मदत करायला हात पुढे होत होते, ते मी पदरात धरून ठेवले.

"मीठ कुठंय?" तिने विचारलं.

"वरच्या फळीवर, डाव्या हाताला. नवा पुडा आहे, फोडलेला नाही."

तिने तो स्वतः काढला.